पंधरा पाउंड हवा

लिहून ठेवणार: देवराव कवडूजी मुनेश्वर, वय वर्षे ७०, धंदा पेंटिंग व छोटी मॉडेल तयार करणे (आता बंद), राहणार लोहारा, तालुका व जिल्हा यवतमाळ.

माझी बुद्धी शाबूत आहे. हात थोडा कापतो तो छातीमुळे. अक्षर मात्र अजून सरळ येते, कारण निम्मे आयुष्य ट्रकच्या फाळक्यांवर अक्षरे काढण्यात गेले. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही, दारू पाजलेली नाही की गोड बोलून फसवलेले नाही. दारू मी घेत नाही आणि गोड बोलणारे माझ्याकडे फारसे येत नाहीत. वकील वैष्णवीताईंनी मसुदा टाइप करून आणला होता, दोन पानांत सगळे बसवले होते. मी तो वाचला आणि परत दिला. त्या म्हणाल्या, "काका, कायद्याले जेवढं लागते तेवढंच लिहा ना." तेवढे लिहितोच आहे. बाकीचे कायद्याला लागत नसले तरी माझ्या मुलीला लागणार आहे, म्हणून माझ्या हाताने लिहितो ते येणेप्रमाणे.

कलम १. देहाबाबत.

मी एक वर्षाचा होतो तेव्हा माझ्या बापाने, कवडूजींनी, मला खांद्यावर बसवून नागपूरला नेले आणि छप्पन साली दीक्षा घेतली. मला त्यातले काही आठवत नाही, पण त्यांच्या त्या खांद्याचा मान राखून माझा शेवटचा विधी बौद्ध पद्धतीने व्हावा. भंतेजी मिळाले तर बरे. नाही मिळाले तर शेजारच्या पंचफुलाबाई वंदना घेतील, अंगणवाडीत तीस वर्षे पोरांकडून गाणी म्हणवून घेतलेला आवाज आहे. जेवणावळ घालू नये. फोटोसाठी माझा केस असलेला जुना फोटो शोधत बसू नये, आता आहे तसाच लावावा.

कशाने गेले म्हणून कोणी विचारले तर रंगाने गेले असे सांगावे. तोंडाला फडके न बांधता मी चाळीस वर्षे फवारा मारला. डॉक्टरांनी तीन गोळ्यांचे एक यंत्र दिले आहे, नळीतून श्वास आत ओढला की तिन्ही गोळ्या वर जायला पाहिजेत. माझी एक वर जाते, दुसरी जागेवर हलते, तिसरी हलतही नाही. दीपमाला पहिल्या दिवसापासून मास्क लावायची आणि मी तिला हसायचो, "दवाखान्यात आली का रंग माराले?" म्हणायचो. ते हसणे मी आज मागे घेतो.

कलम २. घर.

लोहाऱ्यातले दोन खोल्यांचे विटांचे घर स्वकष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही. त्यातले निम्मे कष्ट माझी पत्नी सत्यशीला हिचे, तिचे आयुष्य शिलाई मशीनवर बसून गेले. ती २०१९ साली वारली. या दोन खोल्या माझा मुलगा संघदीप आणि मुलगी दीपमाला यांच्या सारख्या वाट्याच्या राहतील.

घराच्या मागचे टिनाचे शेड, आतल्या सगळ्या सामानासह, एकट्या दीपमालाचे. संघदीपला त्यात काही नाही. संघदीप नागपूरला नोकरीला आहे, मागच्या जयंतीला आला तेव्हा शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, हे सगळं भंगार हाय. किलोवर देऊन टाकू अन् गाडी लावाले जागा करू." संघदीप, तू वाईट नाहीस. तुला घाई असते, लहानपणी दूधसुद्धा उभ्याने प्यायचास. पण ऐक, दीपमाला स्वतःच्या हाताने शेडचे कुलूप काढीपर्यंत भंगारवाल्याला आपल्या गल्लीत बोलवायचे नाही. किल्ली पंचफुलाबाईंकडे आहे आणि त्या तुला देणार नाहीत.

कलम ३. बँकेत जे निघेल त्यातून दवाखाना भागवून उरलेले दोघांनी वाटून घ्यावे. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. किरकोळ वस्तू आणि किरकोळ राग.

सत्यशीलाची शिलाई मशीन माझी नात प्रेरणा, म्हणजे दीपमालाची मुलगी, हिला. ती आठ वर्षांची आहे. पाय पोचेपर्यंत मशीन झाकून ठेवावी.

अक्षरे काढायचे माझे अकरा ब्रश जावई इंद्रजित यांना. ढाणकीला त्यांचे झेरॉक्सचे दुकान आहे, माणूस गुणी आहे. पण त्यांच्या पाटीवरचे 'लॅमिनेशन' हा शब्द उजवीकडे उतरत गेला आहे आणि दहा वर्षे तो माझ्या डोळ्यात खुपतो. जावई म्हणून बोललो नाही. आता बोलतो, पाटी पुन्हा काढावी.

यवतमाळातल्या ज्या स्मृतिचिन्हांच्या दुकानदाराने माझ्या छोट्या डंपरच्या मॉडेलखाली आपल्या दुकानाची पट्टी चिकटवून विकले, त्याचे नाव लिहीत नाही. त्याला माझ्याकडून काहीच नाही. फक्त एवढे कळवावे की प्रत्येक मॉडेलच्या डिझेल टाकीच्या आतल्या बाजूला मी बारीक अक्षरांत 'दे. मु.' आणि 'दी. मु.' असे लिहिलेले आहे. उलटे करून पाहा म्हणावे. 'दी. मु.' म्हणजे दीपमाला. आत लिहिले, बाहेर कधी लिहिले नाही. हा राग माझा माझ्यावरच आहे, तो पुढे येईल.

कलम ५. कंप्रेसर.

याची हकीकत सांगावी लागेल, नाहीतर ती भंगारच वाटेल. मी वणीला ट्रकच्या बॉडीच्या कारखान्यात रंगारी होतो. तिथे जहीर मिस्त्री हवा-पंक्चर आणि ब्रेकचे काम करायचा. कोळशाच्या गाड्या दिवसभर उभ्या असायच्या. एकदा खाणीतला एक फोरमन रिटायर होणार होता, त्याच्या लोकांनी मला म्हटले, याला याचा डंपर छोटा करून द्या. मी पीव्हीसीच्या शीटचा डंपर केला, खऱ्याच्या पन्नासाव्या मापाचा, ओंजळीत मावेल एवढा. ट्रकच्या मोठ्या गनने त्याला रंग मारला तर डंपर टेबलावरून उडून गेला. जहीर हसून हसून खाली बसला. मग त्यानेच मला हा कंप्रेसर जोडून दिला. जुन्या फ्रिजची मोटर, खाली ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी, वर रेग्युलेटर आणि गोल काट्याचे मीटर. त्यावर मी बारीक गन लावली, पेनासारखी धरायची, तिला एअरब्रश म्हणतात. पुढे लोहाऱ्याला आलो आणि तेवीस वर्षे याच हवेवर पोट भरले.

हा कंप्रेसर, दोन्ही बारीक गन, नोझल, सुया, रंग, थिनर आणि अर्धवट राहिलेली सगळी मॉडेल दीपमालाची. कसलीही अट नाही. आधी मी "तिने काम पुन्हा सुरू केल्यास" असे लिहिले होते. ते खोडले आहे आणि खोडल्याच्या जागी सही केली आहे.

कलम ६. हवा कशी लावावी.

दीपमाला, तुला हे येते. माझ्यापेक्षा जास्त येते. हे प्रेरणासाठी लिहितो, आणि पुढच्या कलमातले कोणाला समजायचे असेल तर त्याच्यासाठी.

आधी टाकीखालची चावी उघडून पाणी काढावे. आपल्याकडे उन्हाळ्यात थेंब निघत नाही आणि श्रावणात वाटीभर निघते. ते पाणी रंगात गेले की डाग पडतो. मग मोटर लावून टाकी भरू द्यावी. गनचे बटन न दाबता मीटर पाहून हवा लावणे ही सगळ्यांची चूक. हवा थांबलेली असते तेव्हा काटा जास्त दाखवतो, वाहायला लागली की खाली येतो. म्हणून बटन दाबून धरायचे, हवा सुटू द्यायची आणि ती सुटत असताना रेग्युलेटर फिरवून काटा आणायचा. आपल्या रंगाला पंधरा पाउंड. ट्रकच्या टायरात शंभर भरतात, त्यापुढे पंधरा म्हणजे फुंकरच. पण पंधरा म्हणजे पंधरा. कमी झाली की गन थुंकते, रंगाचे थेंब उडतात. जास्त झाली की रंग वाटेतच वाळतो आणि वाळूसारखा खरखरीत बसतो. बारीक रेघ मारायची तर दहा-बाराला आणावी, रंग त्याप्रमाणे दुधाएवढा पातळ करावा आणि गन जवळ धरावी. आधी नेहमी रद्दीवर मारून पाहावे. मॉडेलवर कधीही पहिला फवारा मारू नये.

हे झाले माझे. दीपमाला मीटर शेवटी पाहायची. आधी मनगटाच्या आतल्या बाजूवर हवा सोडायची आणि डोळे मिटून ऐकायची. मी म्हणायचो हा काय जादूटोणा आहे. ती म्हणायची, "बाबा, पंधराचा आवाज येगळा अस्ते." खरोखर वेगळा असतो. मी कधी ऐकायला थांबलो नाही.

कलम ७. सप्टेंबर २०१४ मधील दिवस.

हे कलम वैष्णवीताईंनी गाळायला सांगितले होते. गाळत नाही.

त्या उन्हाळ्यात शेडची टिने बदलताना कंप्रेसर आडवा पडला होता. उचलून ठेवला, चालू झाला, म्हणून मी त्याकडे पुन्हा पाहिले नाही. दीपमाला तेव्हा तेवीस वर्षांची, आयटीआय केलेली, चार वर्षांपासून माझ्यासोबत काम करत होती. डंपरचे शेवटचे हात तीच मारायची, आणि त्या उन्हाळ्यापासून फवारा सगळा तिच्याच हातात होता. नागपुरात प्रदर्शनांसाठी मोठी मॉडेल तयार करणारा एक कारखाना आहे, तिथल्या साहेबांनी आमचा एक डंपर कुठेतरी पाहिला आणि फोन केला. रंग कोणी मारला म्हणाले. मी सांगितले, मुलीने. म्हणाले, मला तिचा हात पाहायचा आहे, जागा आहे माझ्याकडे.

ते आले. शेडमध्ये सत्यशीला होती, जहीर वणीहून आला होता, शेजारचे दोघे-तिघे कौतुकाने उभे होते. दीपमालाने मनगटावर हवा घेतली, रेग्युलेटर फिरवला आणि रद्दीवर मारून पाहिले. मी मीटर पाहिले तर काटा वीसवर.

"वीसवर कोण नेला?"

"मी नेला बाबा. पंधरावर गन थुंकून राह्यली."

मला साहेबांसमोर लाज वाटली. तीन महिने शिकलेल्यालाही पंधरा माहीत असते. मी काटा पंधरावर आणला आणि म्हणालो, "मार आता." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग साहेबांकडे पाहिले. मग मारला. डंपरच्या केबिनवर पिवळ्या रंगाचे थेंब उडाले, एक-दोन नाही, सगळीकडे.

"बाबा, काटा खोटा हाय. हवा कमी येते, हाताले समजते मले."

यावर मी जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो. "काटा खोटा नाही, तूच खोटी हायेस. रंग पातळ करता येत नाही अन् काट्यावर ढकलते."

ती रडली नाही. तिने बारीक गन खोलली, सुई काढली, नोझल काढले, एकेक भाग थिनरमध्ये धुतला, पुसला आणि डब्यात आपापल्या जागी ठेवला. रोज ठेवायची तसाच. मग मास्क खिळ्याला अडकवून घरात गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने गनला हात लावलेला नाही. साहेब चहा प्याले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्यांनी कळवले नाही.

संध्याकाळी भाकरी वाढताना सत्यशीला म्हणाली, "पोरगी खोटं बोलत नाही. तुम्ही मीटरची काच तं पुसा एकदा." मी म्हणालो, "काचंचं तुले काय समजते?"

पुढच्या वर्षी दीपमालाचे लग्न झाले. ढाणकीला ती दुकानात बसते, लोकांचे आधार कार्ड लॅमिनेशन करून देते. सणाला येते, जयंतीला येते, माझ्या गोळ्या पाहते, पथ्य पाळा म्हणून रागावते. सगळे बोलते. शेडमध्ये येत नाही.

कलम ८. काच.

२०२२ च्या फेब्रुवारीत कंप्रेसरची हवा गळायला लागली म्हणून जहीरला बोलावले. त्याने वायर काढली, टाकी पूर्ण रिकामी केली आणि थिनरच्या बोळ्याने मीटरची काच पुसली. सगळी पुसली. मी इतकी वर्षे काचेचा तेवढाच भाग पुसत होतो जेवढा मला लागायचा, दहापासून तीसपर्यंत. बाकीवर उडालेल्या रंगाचा थर चढला होता. शून्य मला दिसतच नव्हते.

जहीर म्हणाला, "भाऊ, मशीन बंद, टाकी खाली, तं काटा पाचवर कायले बसून राह्यला?"

हवा नसताना काटा पाचवर. म्हणजे कंप्रेसर आडवा पडला त्या दिवसापासून तो पाच जास्त दाखवत होता. मी पंधरा म्हणायचो तेव्हा गनमध्ये दहाच यायची. दीपमालाने वीसवर नेली तेव्हा पंधरा येत होती, अगदी बरोबर पंधरा. जहीर त्या दिवशी शेडमध्ये होता, त्याने सगळे ऐकलेले होते. तो बोळा हातात धरूनच स्टुलावर बसला. मग म्हणाला, "या अल्ला. म्हंजे पोरगी खरी होती." मी त्याला म्हणालो, कोणाला सांगू नको. त्याने सांगितले नाही. पण तेव्हापासून दीपमाला समोर आली की तो चप्पल घालून निघतो.

त्यानेच विचारले होते, "मंग भाऊ, आठ वर्षं तुम्ही रंग कसा मारला?" मी म्हणालो, अंदाजाने.

कलम ९. अंदाजाचे खरे काय ते.

मागचे कलम अर्धे आहे. उरलेले अर्धे आज पहिल्यांदा सांगतो.

त्या दिवशी साहेब गेले, दीपमाला आत गेली. त्या डंपरची ऑर्डर पुरी करायची होती. मी नवी केबिन कापली आणि स्वतः रंग मारायला बसलो. काटा पंधरावर. गन थुंकली. रंग धुतला, पुन्हा पातळ केला, पुन्हा मारला, पुन्हा थुंकली. तीनदा झाले. मग मी शेडचे दार लोटून घेतले आणि काटा वीसवर नेला. रंग साईसारखा बसला.

मला तेव्हाच कळले. आठ वर्षांनी जहीरमुळे नाही, त्याच संध्याकाळी कळले. घर दहा पावलांवर होते, तिच्या खोलीत दिवा होता. मी दार उघडून "पोरी, तुझं बरोबर होतं" एवढे म्हणायचे होते. साहेब तेव्हा नागपूरला पोचलेही नसतील. फोन नंबर माझ्या खिशात होता.

मी गेलो नाही. मी केबिन वाळवली, डंपर जोडला आणि मीटरची काच पुसली नाही. पुसली असती तर शून्य दिसले असते. तेव्हापासून आठ वर्षे मी काटा वीसवर ठेवून काम केले आणि कोणी शेडमध्ये आले की पंधरावर आणायचो.

का, ते लिहितो. ती नागपूरला गेली असती. शेडमध्ये मी एकटा राहिलो असतो. डंपरचे शेवटचे हात माझे तिच्याइतके चांगले बसत नाहीत हे मला तोवर कळून चुकले होते, तिलाही कळले होते, फक्त ती बोलत नव्हती. ती खोटी ठरली तर ती थांबेल असे मला वाटले. असे ठरवून वाटले नाही, पण वाटले. ती थांबली नाही, ढाणकीला गेली, आणि हात सोडून गेली. मी तिला ठेवूही शकलो नाही आणि पाठवलेही नाही.

रोज सकाळी मी पंचशील म्हणतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. अकरा वर्षे ते म्हणताना माझा आवाज खाली येतो, पंचफुलाबाईंनी एकदा विचारलेही होते. छातीचे निमित्त सांगितले.

तिला तोंडाने सांगायचा प्रयत्न केला नाही असे नाही. काटा बदलल्यावर जयंतीला ती आली तेव्हा म्हणालो, "दीपा, मीटर नवं लावलं." ती म्हणाली, "बरं केलं बाबा," आणि चहा ठेवायला गेली. एकदा फोन लावला, तिने उचलला, मी पाऊस किती झाला विचारून ठेवून दिला. वैष्णवीताई म्हणाल्या, "काका, आताच बोलून घ्या ना ताईसोबत. मृत्युपत्रात काहून लिहिता?" त्यांना सांगितले ते इथे लिहितो. फोनवर ती "जाऊ द्या बाबा" म्हणेल आणि मी जाऊ देईन. मृत्युपत्र वाचताना मध्ये कोणी बोलत नाही. शिवाय मला लाज वाटते. सत्तराव्या वर्षी पोरीसमोर उभे राहायची लाज वाटते, हे खरे कारण आहे.

कलम १०. वाचनाबाबत.

मी तिला चारचौघांत खोटी म्हटले, म्हणून हे चारचौघांतच वाचावे. घरात नाही, शेडमध्ये वाचावे. संघदीप, इंद्रजित, पंचफुलाबाई, जहीर आणि गल्लीतले जे त्या दिवशी उभे होते त्यांतले जे आज आहेत त्यांना बोलवावे. दीपमाला शेडमध्ये यायला नाही म्हणाली तर दाराबाहेर खुर्ची ठेवून मोठ्याने वाचावे, तिला ऐकू गेले पाहिजे. कलम ७, ८ आणि ९ यांची एक प्रत नागपूरच्या साहेबांना टपालाने पाठवावी. पत्ता माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर आहे. ते असतील नसतील, पाठवावी.

कपाटात वरच्या कप्प्यात बिस्किटाचा डबा आहे. त्यात दोन वस्तू आहेत. एक ती थेंब उडालेली केबिन. दुसरे ते जुने मीटर. आता ते कशालाच जोडलेले नाही, नळी नाही, हवा नाही, आणि काटा अजून पाचवर आहे. हा डबा दीपमालाने एकटीने उघडावा किंवा सगळ्यांसमोर, तिची मर्जी.

दीपमाला, शेड विक, भाड्याने दे, कुलूप लावून ठेव, मला काही म्हणायचे नाही. माफ कर असे लिहिणार होतो. ते मागायला मी समोर असायला पाहिजे, आणि मी नसेन. म्हणून मागत नाही. तुझा हात खरा होता एवढे लिहून ठेवतो. तुझ्या आईला हे माहीत होते.

कलम ११. या मृत्युपत्राप्रमाणे तजवीज करण्याचे काम वैष्णवीताईंकडे देतो. याआधी मी असा कोणताही कागद केलेला नाही, केला असे कोणी म्हटल्यास तो मानू नये. जिवंत असेपर्यंत सर्व माझ्याच ताब्यात राहील, शेडसकट; किल्ली पंचफुलाबाईंकडे फक्त सांभाळायला दिली आहे.

जहीरला मी माझी मोठी गन देणार होतो. पण ज्याला काही द्यायचे तो साक्षीदार होऊ शकत नाही असे वैष्णवीताईंनी सांगितले. जहीरला विचारले, गन पाहिजे की सही करतोस? तो म्हणाला, "सही करतो भाऊ. तीन सालपासून करायची राह्यली हाय." म्हणून त्याला या मृत्युपत्रात काही दिलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, मध्ये दोनदा दम खायला थांबलो, आणि तो मला कबूल आहे.

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२५

(सही) देवराव कवडूजी मुनेश्वर

साक्षीदार

१. देवरावभाऊंनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर होते. किल्ली माझ्याकडे आहे.
(सही) पंचफुला, शेजारी, लोहारा

२. भाऊनं माझ्यासमोर सही केली. हे कलम नऊ मले आजच समजलं. त्याच्यावर मी काही लिहीत नाही, तो बापलेकीचा मामला हाय. पण मी त्या दिवशी शेडमध्ये उभा होतो अन् चूप राह्यलो, आन् मीटर माह्याच हातानं लावलेलं होतं. म्हणून माही साक्ष वकीलबाईनं सांगितली त्याच्याहून थोडी जास्त लिहितो. डबा मी आता उघडून पाह्यला. दीपमाला बेटा, काटा पाचवर हाय. तू खरं बोलत होती.
(सही) जहीर मिस्त्री, वणी